छापखान्याला न दिसलेलं

मी कॉमिकची मूळ पानं गोळा करते असं सांगितलं की समोरचं माणूस हमखास म्हणतं, "अच्छा, जुनी कॉमिक्स! आमच्याकडं ट्रंकभर होती, आईनं रद्दीत घातली." मग सांगावं लागतं की तसं नव्हे. छापलेलं पुस्तक नाही, ते पुस्तक ज्याच्यावरून छापलं तो कागद. चित्रकारानं पेन्सिलीनं मांडलेला, शाईनं पक्का केलेला, छापील पानापेक्षा बराच मोठा असा एकुलता एक ताव. हे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो, "मग त्यात गोष्ट पुरी असती का?" नसते. राजकन्या रडत असते, का रडते ते आदल्या पानावर, आणि ते पान कुठल्या गावात कुणाच्या माळ्यावर आहे, की नाहीच, देव जाणे. लातूर हे शिकवण्यांचं गाव. इथं कागदाला मोल येतं ते त्यावर पडलेल्या मार्कांमुळं. अर्धवट गोष्टीचा कागद पैसे मोजून आणणाऱ्या बाईकडं लोक जरा काळजीनंच बघतात. मी पतसंस्थेत हिशेब तपासते, म्हणून तोंडावर कुणी वेड्यात काढत नाही इतकंच.

एक पान आधी दाखवते. ऐंशीच्या दशकातल्या एका अल्पायुषी पौराणिक मालिकेतलं आहे. चित्रकाराचं नाव पुस्तकावर नव्हतं, पानावरही नाही. कार्ट्रिज पेपर कडांनी पिवळट पडलाय, शाई मात्र अजून काळीभोर, कारण वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काजळी असते आणि काजळी विटत नाही. पाच चौकटी. मधल्या मोठ्या चौकटीत घोडा मागच्या पायांवर उभा राहिलाय, वर योद्धा, त्याचा भाला रेघ ओलांडून वरच्या चौकटीत घुसलाय. जरा जवळ गेलं की शाईखाली फिकट निळी पेन्सिल दिसते. घोड्याचे पुढचे पाय आधी बरेच वर होते, मग खाली आले, मग एक पाय दुमडला. तिन्ही वेळचे पाय निळ्या रेघांत तसेच आहेत, त्यामुळं मोजायला गेलं तर घोड्याला भलतेच पाय भरतात. मानेवर पांढऱ्या पोस्टर कलरचा जाड थर आहे. पान उजेडात तिरपं धरलं की त्या थराखालची पहिली आयाळ उमटते. ती उलट्या बाजूला उडत होती. वाऱ्याची दिशा चित्रकारानं मागाहून बदलली. समासात लाल पेन्सिलीनं कटिंगच्या खुणा, बाजूला '६५%', आणि वेगळ्याच अक्षरात, बहुधा संपादकाच्या, 'टाच नको, लगाम ओढताना दाखवा'.

संवादांचे फुगे निराळ्या कागदावर लिहून, कापून, रबर सोल्युशननं डकवलेले आहेत. सोल्युशन वयानं तपकिरी होतं आणि धरणं सोडून देतं. तसा खालच्या चौकटीतला एक फुगा सुटला, आणि त्याखाली एक शिपाई निघाला. शाईत पुरता केलेला: मिशा, कपाळावर घामाचे थेंब, घोड्याकडं बघत वासलेलं तोंड. छापील अंक माझ्याकडं आहे. त्यात हा शिपाई नाही. तिथं फुगा आहे आणि फुग्यात सेनापतीचं लांबलचक भाषण. मला विचाराल तर भाषणापेक्षा शिपाई सरस होता.

हे असं का राहतं, ते छापण्याच्या रीतीत आहे. त्या काळी पान प्रोसेस कॅमेऱ्यासमोर, म्हणजे छापखान्याच्या मोठ्या कॅमेऱ्यासमोर लावून लिथ फिल्मवर, म्हणजे फक्त काळं नाहीतर पांढरं टिपणाऱ्या फिल्मवर, त्याची निगेटिव्ह घेत, तिच्यावरून प्लेट. त्या फिल्मला फिकट निळा आणि पांढरा सारखेच, आणि लाल मात्र काळा दिसायचा. म्हणून चित्रकार चाचपडायचं ते निळ्यात चाचपडत. खोडायची गरज नाही, कॅमेरा आंधळा होता. पोस्टर कलरचा थर, डकवलेल्या कागदाची कड, हेही फिल्मवर नाहीसं व्हायचं, आणि पान लहान करून छापलं की हाताची उरलीसुरली थरथरही आखडून जायची. छापील प्रतीत जो ठामपणा दिसतो तो निम्मा कॅमेऱ्याचा आहे. मूळ पानावर मला जे आवडतं ते जवळजवळ सगळं छापखान्याला दिसू नये या बेतानंच केलेलं होतं. मी गोळा करते ते हेच.

लहानपण परभणीत गेलं. मनमाड-काचीगुडा लाईन तेव्हा मीटरगेज होती, गाड्या हव्या तेव्हा यायच्या, आणि स्टेशनावरच्या पुस्तकांच्या स्टॉलसमोर वाट बघण्यात इंद्रजाल कॉमिक्स फुकटात वाचून व्हायची. इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आणि जादूगार मँड्रेक अमेरिकेतल्या वर्तमानपत्री पट्ट्यांवरून यायचे, आपला बहादूर १९७६ ला आला, आबिद सुरतींच्या कल्पनेतून आणि गोविंद ब्राह्मणियांच्या हातून. घरी चांदोबा यायचा. खांद्यावर प्रेत, हातात तलवार असा जो विक्रम राजा आपल्या डोळ्यांपुढं कायमचा उभा आहे तो चित्रकार शंकर यांचा. ते २०२० मध्ये गेले. पण त्या वयात ही चित्रं कुणी काढत असेल असं वाटतच नव्हतं. वेताळ होता, तो काढलेला नव्हता. चित्रामागं हात असतो हे मला फार उशिरा, पुण्यात नात्यातल्या एकांकडं भिंतीवर असं पान पाहिल्यावर कळलं, आणि तिथून नाद लागला.

बाहेरच्या देशांत हा नाद मोठ्या माणसांचा आहे. २०२२ च्या जानेवारीत स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचं एक पान, 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकातलं, माइक झेक यांनी काढलेलं, लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. तेव्हाच्या दरानं साधारण २५ कोटी रुपये. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये, टिनटिनचे बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी १९३६ साली टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी केलेलं मुखपृष्ठ सुमारे ३२ लाख युरोला गेलं. हे मुखपृष्ठ छापायला महाग पडेल म्हणून तेव्हा नाकारलेलं होतं, आणि त्यावर घड्यांच्या खुणा आहेत. म्हणजे छापखान्यानं जे घेतलंच नाही, कुणीतरी घडी घालून ठेवलं, ते सगळ्यांत महाग. मला या बातमीचा आनंद झाला होता, जणू माझंच मत लिलावात सिद्ध झालं. एरवी या आकड्यांशी माझा संबंध नाही. पतसंस्थेत मी लोकांच्या गुंतवणुकी बघते. त्या बळावर सांगते की कुणी हे पैसे दुप्पट करायला घेत असेल तर त्यानं मुदत ठेवीत टाकावेत.

त्यातली एक गोष्ट मात्र मी भेटेल त्याला सांगते. 'इन्क्रेडिबल हल्क'च्या १८० व्या अंकाचं शेवटचं पान, ज्यात वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसतो, ते चित्रकार हर्ब ट्रिम्प यांनी १९८३ साली एका पोराला असंच देऊन टाकलं होतं. त्या पोरानं ते तीस वर्षं जपलं आणि २०१४ मध्ये विकलं, ६ लाख ५७ हजार २५० डॉलरला. त्यातले बहुतेक पैसे त्यानं वृद्ध, अडचणीतल्या कॉमिक चित्रकारांना मदत करणाऱ्या संस्थेला दिले. हे ऐकायला गोड आहे, आणि त्याच धंद्यातली दुसरी बाजू तितकीच कडू. जॅक कर्बी या माणसानं मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीचं अर्धं विश्व काढलं. त्याची पानं हजारोंनी कंपनीच्या गोदामात होती. ती परत मिळावीत म्हणून त्याला म्हातारपणी भांडावं लागलं, आणि १९८७ मध्ये जी हाती आली ती दोन हजारांच्या आसपास. बाकीची कुठं गेली? काही चोरीला गेली, बाजारात फिरली, आणि आज माझ्यासारखेच सज्जन लोक ती फ्रेम करून बसलेत.

आपल्याकडं भांडणसुद्धा झालं नाही. पानामागं ठरलेले पैसे घ्यायचे, पान देऊन टाकायचं, पुढचं पान. अमर चित्र कथेनं निदान चित्रकारांची नावं छापली, म्हणून राम वाईरकर, दिलीप कदम ही नावं वाचकांना कळली; पुण्याच्या प्रताप मुळीकांचा हात तर अमर चित्र कथेतून पुढं हिंदी कॉमिकमधल्या नागराज या नायकापर्यंत ओळखता येतो. पण छोट्या प्रकाशकांकडं राबलेली माणसं बिननावाची राहिली. त्यांची पानं प्रेसमध्ये पडून राहिली, जागा बदलताना फेकली गेली, क्वचित चित्रकारानंच हट्टानं परत आणली. अशा हट्टी माणसाचा पत्ता मला अंबाजोगाईत मिळाला.

काकांनी तरुणपणी मुंबईत दोन-तीन प्रकाशकांची कामं केली, मग वडील आजारी पडले म्हणून परत आले ते आलेच. टॉकीजचे बॅनर रंगवले, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या, देवळांचे कळस रंगवले. फ्लेक्स आल्यावर ते सगळं थांबलं. पानं त्यांनी पत्र्याच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी सतरंजीवर एकेक मांडायला सुरुवात केली आणि पहिलंच पान ठेवलं ते त्यांच्या मते सर्वांत चांगलं. खरंच देखणं होतं. दरबाराचं दृश्य, ब्रशची रेघ जाड होत होत पातळ झालेली, एक डाग नाही, एक दुरुस्ती नाही. मी ते बघितलं, बाजूला ठेवलं, आणि खालचं एक उचललं. कुस्तीचं होतं. त्यात पैलवानाच्या हातावर पांढऱ्या रंगाचे थरावर थर, समासात त्याच पंजाचे चार वेगवेगळे प्रयत्न, एक चौकट तर कापून नवी चिकटवलेली.

"हे? हे कामून घ्यायलाव ताई? ह्याच्यात सगळी डागडुजी हाय."

म्हटलं, "म्हणूनच घेते काका."

त्यांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं. मग उठले, कपाटातून रबर आणि ब्लेड आणलं. "थांबा. निळं पुसतो, ते पंजे खरडून काढतो. नीट करून देतो तुम्हाला."

मी अक्षरशः पान छातीशी धरलं. तेव्हा ते चिडले. मोठ्यानं नाही, पण चिडले. "ताई, हे म्हंजे पाव्हण्याला मागल्या दारानं, खरकट्या भांड्यांतून घरात घेतल्यावानी झालं. लोकाला दाखवायचं ते मी पुस्तकात दाखवलं. हे माझं काम नाही. हे कामाच्या आधीचं हाय."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजून नाही. जे दाखवायचं नाही असं करणाऱ्यानं ठरवलं होतं, तेच बघण्यात मला रस आहे. लेखकाच्या टेबलाखालची टोपली धुंडाळणारा अभ्यासक आपण विद्वान मानतो, मग माझं काय वाईट, असं मी मनात घोळवत होते. पण टोपली धुंडाळताना बहुतेक लेखक हयात नसतो. इथं तो समोर मांडी घालून बसला होता आणि नको म्हणत होता.

मी विषय बदलला. पंजा कसा काढता ते विचारलं. त्यावर मात्र ते खुलले. त्यांनी स्वतःचाच हात समोर धरला, मूठ आवळली, म्हणाले, मूठ काढताना बोटं मोजायची नसतात, आधी अंगठा कुठं दाबतो ते बघायचं, तिथं सगळं बळ असतं. चेहऱ्याला शाई नेहमी आधी लावायची, कारण चेहरा बिघडला तर पान तिथंच फेकून देता येतं, बाकीची मेहनत वाचते. पान वरून खाली, डावीकडून उजवीकडं भरत यायचं, नाहीतर ओल्या शाईवर हात फिरतो. मोठा काळा भाग शेवटी, ब्रशनं, एका दमात. ब्रश चांगला असेल तर महिनोन्‌महिने चालतो. त्यांच्या एका ब्रशचा दांडा त्यांनी दातांनी चावून चावून लहान केला होता. त्यांनी तो आणून दाखवला. कुस्तीच्या पानावरचा चौथा पंजा, जो शेवटी चित्रात गेला, तो स्वतःचा डावा हात आरशात बघून काढलेला. हे सांगताना त्यांचं बोट समासातल्या त्या निळ्या रेघांवरून फिरत होतं, ज्या ते पाच मिनिटांपूर्वी पुसायला निघाले होते. मी गप्प बसले. ते शहाणपण मला त्या दिवशी सुचलं.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. हे हवं तर तेही घ्या. दरबाराचं आणि कुस्तीचं, जोडीनं. आणि कुणाला दाखवलं तर दोन्ही दाखवायचं. "नुसतं हे बघितलं तर मानूस म्हनंल, ह्याला येतच नव्हतं." अट मला पटली. त्यांनी सांगितलेली किंमत मला कमी वाटली, ती आम्ही वाढवली, आणि मी रीतसर पावती लिहिली: कोणत्या पुस्तकातलं, कितवं पान, कुणी काढलं, कुणाकडून कुणाकडं गेलं. हिशेबाच्या कामाची ही एक सवय कामाला येते. कॉपीराइट काही माझ्याकडं आला नाही, तो कागदाबरोबर जातच नाही. मी ते पान भिंतीवर लावू शकते, छापून विकू शकत नाही. आणखी एक सांगितलं त्यांना. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५३ अ नावाचं कलम आहे. चित्रकार कामाच्या हक्कांचा पहिला मालक असेल तर मूळ चित्र पुढं १० हजार रुपयांहून जास्त किमतीला विकलं गेल्यावर त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. काकांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही तर इकायचंच नाही म्हनताव. मग धा टक्के कशाचे?"

आता ती दोन्ही पानं एका फ्रेममध्ये शेजारीशेजारी आहेत. फ्रेमचीही एक कथाच. गंजगोलाईजवळच्या फ्रेमवाल्यानं पानं हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "फेविकॉलनं हार्डबोर्डला चिकटवतो ताई, जन्मात निघायची नाहीत." त्याची बिचाऱ्याची हमी खरी होती, म्हणूनच भीती वाटली. कागदाला गोंद लावायचा नाही, काच कागदाला टेकू द्यायची नाही, मधे माउंटची जाडी ठेवायची, मागं पुठ्ठा आम्लविरहित हवा, आणि कागद फक्त कोपऱ्यांत धरायचा, हे मी त्याला चित्र काढून समजावलं. लॅमिनेशनबद्दल तर बोलूच नका. मी एका घरी वडिलांची सगळी पानं मुलांनी प्रेमानं लॅमिनेट केलेली पाहिली. उष्णतेनं चिकटलेलं ते प्लॅस्टिक कागदाला इजा न करता पुन्हा काढणं जवळपास अशक्य. दुसरा शत्रू म्हणजे बाजारात मिळणारी पीव्हीसीची पारदर्शक फाईल. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर झिरपतो आणि शाई प्लॅस्टिकला चिकटून कागदावरून उठते. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलारची पाकिटं महाग पडतात, पण ती निरुपद्रवी. स्केचपेन वापरलेली पानं उजेडात ठेवूच नयेत. त्याचा रंग भिंतीवर काही वर्षांत उडतो.

या बाबतीत मराठवाड्यानं मला साथ दिली. पावसाबद्दल आपण सदान्‌कदा रडतो, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं, तेव्हा मीही रांगेत घागरी भरल्यात. पण हा कोरडेपणा कागदाला मानवतो. मुंबईच्या एका संग्राहकाची पानं बुरशीच्या ठिपक्यांनी भरलेली मी बघितलीत. आमच्याकडं बुरशी बहुधा कुठं राहावं या विचारात मरते. आमच्याकडची संकटं वेगळी. एक वाळवी. दुसरी कसर, ती चंदेरी, सरपटणारी, जिला कागदातली खळ आवडते. आणि तिसरं संकट घराघरांत आपणच विकत आणून ठेवतो, ते म्हणजे कुलर. मे महिन्यात बाहेर पारा त्रेचाळिसावर असताना कुलर खोलीत भिजलेली हवा भरतो, रात्री तो बंद केला की खोली पुन्हा वाळते. कागद रोज फुगतो आणि रोज आक्रसतो, आणि पोस्टर कलरला तडे जाऊन कपचे निघायला लागतात. म्हणून आमच्या घरात पानांच्या लोखंडी कपाटाला कुलरविरहित खोली आणि माणसांना कुलरची खोली अशी वाटणी आहे. सासूबाई म्हणतात, "कागदं घामेजत नाहीत, मग त्येंला कशाला थंडावा?" अगदी शास्त्रशुद्ध बोलल्या.

पण ज्या गोष्टीनं मला खरोखर अस्वस्थ केलंय ती कसर किंवा वाळवी नव्हे. ती म्हणजे पानं सुटी होणं. दलाल पूर्ण अंकाची पानं घेतो आणि एकेक विकतो, कारण तशी जास्त मिळकत होते. मारामारीचं पान लवकर जातं, नुसत्या बोलण्याचं पडून राहतं, पहिलं पान सगळ्यांत महाग. असं करून गोष्ट दहा गावांत वाटली जाते. हे आपल्याला नवं नाही. पैठणच्या परिसरातून मिळाली म्हणून ज्यांना पैठण शैलीची चित्रं म्हणतात ती अशीच सुटी पानं होती. रामायण-महाभारतातले प्रसंग, मोठाल्या डोळ्यांची बाजूनं दाखवलेली माणसं, चामड्याच्या बाहुल्यांसारखी धारदार बाह्यरेषा. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, आणि चित्रकथी तो ताव श्रोत्यांपुढं धरून गोष्ट सांगायचा, मग उलटायचा, मग पुढचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत, परदेशी संग्रहालयांतही गेली आहेत. एखाद्या ठिकाणी राक्षस धावून येताना आहे, आणि तो कुणावर धावून येतोय ते बहुधा दुसऱ्या खंडात आहे. म्हणून पूर्ण गोष्ट एकत्र राहिल्याची बातमी आली की मला बरं वाटतं. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला त्या १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकाची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली सगळी २४ पानं कुणीतरी नाव न सांगता २००८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. एकेक करून विकली असती तर केवढे पैसे आले असते याचा हिशेब मी सवयीनं केला आणि मग लाजले.

अजिंठ्याला गेलं की मात्र हे सगळं उलटं होऊन बसतं. सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक बघावं: चौकटी नाहीत, पण खांब, दारं आणि झाडं प्रसंगाला प्रसंगापासून वेगळं करतात, तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो आणि डोळा आपोआप पुढं सरकतो. कॉमिक वाचणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून तिथं राहून या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून कैक वर्षं राबले, आणि त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. नकला सुरक्षित म्हणून विलायतेला नेल्या आणि जळाल्या. मूळ चित्रं वटवाघळं आणि पाणी सोसत आमच्या डोंगरात राहिली. कॉमिकच्या बाबतीत नेमकं याच्या उलट. नकला लाखोंनी उरतात, मूळ एकच आणि तेच नाहीसं होतं.

नव्या चित्रकारांकडं तर मूळ नसतंच. टॅब्लेटवर काढतात, 'पूर्ववत करा' हे बटण दाबलं की चुकीचा पंजा होता याचा पुरावाही राहत नाही. त्याबद्दल मला गळा काढायचा नाही, त्यांची कामं सुंदर आहेत. फक्त माझ्या कपाटात त्यांच्यासाठी जागा नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही.

सध्या मी एका वेगळ्याच अर्ध्या गोष्टीच्या मागं आहे. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकानं खिडकीचित्रं गाजवली: वरच्या पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून खालच्या पानाचा एवढासा भाग दिसतो आणि नको ते वाटतं, पान उलटलं की भलतंच साधं निघतं. मग इतर अंकांनीही ती उचलली. मला त्यातल्या वरच्या पानाचं मूळ मिळालंय. तीन पुरुष डोळे बाहेर काढून बघतायत, एकाची टोपी उडालीय, मागून एकाची बायको लाटणं घेऊन येतेय, आणि ते ज्याच्याकडं बघतायत तिथं निळ्या पेन्सिलीनं आखलेला कोरा चौकोन आहे. आत लिहिलंय, 'येथे कापणे'. खालचं चित्र वेगळ्या कागदावर होतं, ते कुठं आहे पत्ता नाही. सही वाचता येत नाही, अंकाचं नाव नाही, साल नाही. कोपऱ्यात फक्त 'पा. ४७' आहे. त्यामुळं हल्ली कुठल्याही वाचनालयात गेले की मी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा मागते आणि प्रत्येक अंक थेट सत्तेचाळिसाव्या पानावर उघडते. आमच्या इथल्या ग्रंथपालांची पक्की समजूत झालीय की मी वार्षिक राशिभविष्य शोधतेय, आणि परवा त्यांनी आपणहून चालू वर्षाचं काढून ठेवलं होतं.